आश्रितांमध्ये धर्मप्रचार करणं नैतिक आहे का?
प्रचाराला माझी हरकत नाही, पण समोरच्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. जेवणाखाण्याची सोय प्रचारकाच्याच हातात असली की ते अवघड होतं.

पंडिता रमाबाईंचं शारदा सदन घ्या, म्हणजे विधवा मुलींसाठीची त्यांची निवासी शाळा. १८८९ मध्ये मुंबईत निघालं, पुढे पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतला, आणि धर्माबाबत तटस्थ राहण्याचं आश्वासन. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, मुली आपणहून येऊन बसायच्या. सक्ती नव्हतीच. पण माहेर-सासर दोन्ही तुटलेली बालविधवा, जिने जेवू घातलं, अक्षरओळख करून दिली तिच्याच शेजारी जाऊन बसते, तेव्हा ते 'आपणहून' कितपत? १८९३ मध्ये रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते यावरूनच.

तरी रमाबाईंना दोष देताना माझी जीभ अडखळते. त्या मुलींसाठी दार उघडणारे आपल्यात होते तरी किती? धोंडो केशव कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम निघाला १८९६ मध्ये. आणि त्यांच्या पत्नी गोदूबाई (आनंदीबाई) याच सदनात शिकल्या, हिंदूच राहिल्या, तिथूनच पुनर्विवाह करून कर्व्यांच्या घरी आल्या.