फाइल कोण धरणार?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. मैत्रिणीच्या आईचं आजारपण पाहिल्यापासून तुला स्वस्थ बसवत नाही, तुमचा दहा-बारा जणांचा गट तयार आहे, ४ फेब्रुवारीला जनजागृती फेरी काढू का, असं विचारलं आहेस. जरूर काढा. २००० सालापासून तो दिवस जागतिक कर्करोग दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने चार लोकांच्या कानावर विषय पडतो, हे चांगलंच आहे. पण ५ तारखेला सकाळी तुम्ही काय करणार, ते तू लिहिलेलं नाहीस. मला जे सांगायचंय ते त्या ५ तारखेबद्दलच आहे.

मी डॉक्टर नव्हते, हे तुला ठाऊक आहे. कॅन्सरच्या रुग्णालयात समाजसेविका म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. ओपीडीच्या बाहेर माझं टेबल असायचं आणि आता पुढे कुठे जायचं हे न कळलेली माणसं तिथे येऊन थांबायची. त्यातली एक बाई मला अजून आठवते. छातीत गाठ लागली होती, पण दुखत नव्हती, म्हणून तिने आठ महिने कोणाला सांगितलं नाही. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही आणि तिथेच बायका फसतात. अखेर ती आली, बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी तिच्यासोबत यायला घरात कोणी मोकळं नव्हतं, म्हणून ती आली नाही. तो रिपोर्ट आमच्याकडे खणात पाच आठवडे पडून राहिला. डॉक्टरांना वाटलं बाईने नेला असेल. बाईला वाटलं, काही वाईट असतं तर त्यांनीच कळवलं असतं. फोन करणं हे आमच्याकडे कोणाचंच काम नव्हतं. माझं टेबल त्या खणापासून चार पावलांवर होतं आणि मीही तो खण उघडला नाही. ते पाच आठवडे मला आजही बोचतात.

म्हणून सांगते, समाजाने या लढ्यात उतरायचं म्हणजे सगळ्यात आधी असे आठवडे वाचवायचे. शंका आली आणि तपासणी झाली यांच्यामध्ये काही आठवडे जातात, रिपोर्ट आणि पहिला उपचार यांच्यामध्ये आणखी काही, आणि एकदा सुरू झालेला उपचार शेवटपर्यंत नेताना तर माणूस कुठेही गळू शकतो. या वाटेवर डॉक्टर दोन-तीन ठिकाणीच भेटतात. मधलं सगळं अंतर रुग्ण आणि त्याचे नातेवाईक एकटे तुडवतात. तिथे सोबत लागते, आणि सोबत देण्यासाठी वैद्यकीय शिक्षणाची गरज नसते.

ही माझ्या मनाची समजूत नव्हे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात हॅरॉल्ड फ्रीमन नावाचे सर्जन होते. त्यांच्याकडे येणाऱ्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णीय बायका फार उशिरा येत. १९९० साली त्यांनी रुग्णांसाठी वाटाडे नेमले. हे वाटाडे तारीख मिळवून द्यायचे, कागद भरायचे, आली नाही तर का आली नाही हे विचारायला जायचे. जोडीला स्तनांची तपासणी मोफत किंवा अगदी कमी खर्चात करून दिली. पूर्वी तिथल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्के होतं, ते पुढे ७० टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात औषधंही सुधारली होती, हे खरं. पण औषधापर्यंत हात धरून नेणारं कोणी असल्याशिवाय त्या औषधाचा त्या बायकांना काय उपयोग झाला असता?

तुमचा गट हेच करू शकतो. आधी महिनाभर कुठल्याही ओपीडीत, तिथल्या समाजसेवा विभागाची परवानगी घेऊन, नुसते बसा आणि बघा. नवा रुग्ण येतो तेव्हा सगळे कागद एका पिशवीत कोंबलेले असतात. डॉक्टरांसमोर बसल्यावर हवा तोच कागद सापडत नाही. ते कागद तारखेप्रमाणे लावून द्या, वर बायोप्सी, मग स्कॅन, मग रक्ताचे रिपोर्ट. दुसरीकडे मत घ्यायचं असेल तर स्लाइड, म्हणजे तपासणीच्या काचपट्ट्या, आणि ब्लॉक, म्हणजे तपासलेला तुकडा ज्यात जपतात ते मेणाचे ठोकळे, मागून न्यावे लागतात. हे कोणी आधी सांगत नाही आणि लोकांचा एक आख्खा हेलपाटा वाया जातो. केमोच्या आधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर सायकल, म्हणजे केमोचा तो टप्पा, पुढे ढकलतात. लांबून आलेल्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकू येतं. तो घरी जातो, आणि अशा दोन फेऱ्या फुकट गेल्या की तिसऱ्यांदा येतच नाही. फोन करायचा तो त्या दिवशी संध्याकाळी. "पोचलात का? पुढची तारीख लिहून घेतलीत का?" बस, इतकंच.

मुलांच्या बाबतीत तर माझा जीव तुटतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, आणि कित्येक गरीब देशांत ३० टक्केसुद्धा होत नाहीत. याची कारणं अनेक आहेत, निदानाला उशीर, औषधांची टंचाई. पण उपचार अर्ध्यावर सुटणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे. ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा, उपचार दोन-तीन वर्षं चालतो. मूल खेळायला लागलेलं दिसलं की आईबापांना वाटतं, झालं बरं. अशा वेळी त्यांना रागवू नका. तोपर्यंत त्यांची नोकरी गेलेली असते, दुसरं मूल कोणाच्या तरी घरी राहत असतं. त्या दुसऱ्या मुलाचा अभ्यास घेणं हीसुद्धा कॅन्सरविरुद्धचीच मदत आहे.

रक्तदान शिबिराचं तू लिहिलं आहेस. वर्षातून एकदाचं मोठं शिबिर चांगलंच, पण केमो घेणाऱ्याला बहुतेक वेळा प्लेटलेट्स लागतात आणि त्या साधारण पाचच दिवस टिकतात. एका दिवशी दोनशे जणांनी रक्त दिलं तरी त्यातल्या प्लेटलेट्स पुढच्या पंधरवड्यातल्या रुग्णाला मिळणार नाहीत. त्यापेक्षा रक्तपेढीला विचारून दात्यांची यादी करा आणि आठवड्याला दोघे-तिघे असे वाटून घ्या. फोन रात्रीही येईल, त्याची तयारी ठेवा.

आता आधीच रोखण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३० ते ५० टक्के कॅन्सर टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखू हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. त्यावर भाषण देऊ नका, सोडू पाहणाऱ्याला पहिले काही आठवडे रोज भेटा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी आहे आणि मला त्यात फार आशा दिसते. तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, लागणीपासून कॅन्सर व्हायला साधारणपणे १५ ते २० वर्षं जातात, आणि त्यावर लस आहे. इतकी सवड देणारे आजार थोडे. २०२० साली जगापुढे लक्ष्य ठेवलं गेलं ते असं: २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षाच्या आत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत तपासणी, आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. शिबिरं भरवणारे लोक तो शेवटचा आकडा विसरतात. जिच्या तपासणीत काही सापडलं तिला दुसऱ्या दिवशी कुठे न्यायचं, कोण नेणार, हे ठरलेलं नसेल तर शिबिर भरवू नका. नुसती भीती देऊन तिला घरी पाठवणं हा अन्याय आहे.

आणखी एक. तुझ्या पत्रात "लढवय्ये" हा शब्द चारदा आला आहे. तो रुग्णाला लावताना जपून. मी कितीतरी जणांना रडत म्हणताना ऐकलंय, "मी लढण्यात कमी पडलो का?" आजार वाढतो तो पेशींच्या वागण्यामुळे, माणसाची जिद्द कमी पडली म्हणून नव्हे. लढायचं ते आपण बाकीच्यांनी, उशिराशी, लपवाछपवीशी, कॅन्सर लागतो म्हणून भांडी वेगळी करणाऱ्या समजुतीशी. एचपीव्हीसारखा विषाणू पसरतो, पण कॅन्सर स्वतः संसर्गाने लागत नाही, हे हजारदा सांगावं लागलं तरी सांगा. आणि उपचार थांबले म्हणून जाणं थांबवू नका. वेदना कमी करता येतात, त्यासाठी उपशामक सेवा असते, ती मागून घ्यावी लागते. त्या दिवसांत घरी माणसं येईनाशी होतात. तुम्ही जा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालतं.

२०२२ मध्ये जगात सुमारे २ कोटी लोकांना नव्याने कॅन्सर झाला. हा आकडा वाचून दडपून जाऊ नकोस. तुमच्या दहा-बारा जणांच्या वाट्याला एका वेळी पाच-सहा घरं आली तरी पुष्कळ.

तुझ्या मैत्रिणीच्या आईचा कॅन्सर कोणता, उपचार कुठवर आलेत, यातलं काहीच तू लिहिलं नाहीस. कदाचित विचारायचा धीर झाला नसेल. आज संध्याकाळी मैत्रिणीला फोन कर आणि पुढची केमो कधी आहे तेवढं विचार. त्या दिवशी सुट्टी काढ. सकाळी तपासणीसाठी रक्त द्यायला वेळेवर पोचायचं असतं, आणि सलाइन चालू असताना खोलीत गारवा असतो, तेव्हा पांघरायला काहीतरी ने. फाइल तू धर, म्हणजे तिला आईचा हात धरता येईल.

तुझी,
मावशी