ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं आणि नशा) घेणाऱ्यांचं समुपदेशन म्हणजे शेवटी त्यांना ते सोडायला लावणंच ना?

पुण्यात मानसशास्त्रात एमए केलंय, आता व्हँकुव्हरला हे काम करायचंय, म्हणून तुम्ही विचारताय. मीही हेच डोक्यात घेऊन इथे आले होते. आपल्याकडे व्यसन म्हटलं की मुक्तांगण आठवतं: दाखल व्हा, सोडा, घसरलात तर पुन्हा या. ही ‘पुन्हा या’ची सोय इथे फेंटानिलने, म्हणजे हेरॉइनहून कितीतरी पट तीव्र ओपिऑइडने, काढून घेतली आहे.

डिटॉक्समध्ये, म्हणजे नशा उतरवण्याच्या केंद्रात, आठ-दहा दिवस काढले की शरीराची सवय उतरते. बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. म्हणजे आपण पाठ थोपटतो तेच दिवस सगळ्यात धोक्याचे. माझ्या पहिल्या वर्षी एक जण असाच गेला. त्याला डिटॉक्समध्ये जागा मिळाली, त्या दिवशी मी आनंदाने घरी शिरा केला होता.

आता माझा पहिला प्रश्न ‘कधी सोडणार?’ हा नसतो. ‘घेतोस तेव्हा जवळ कोण असतं?’ हा असतो. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाने ओव्हरडोसच्या मृत्यूंमुळे एप्रिल २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर केली. २०२३ मध्ये अडीच हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली बहुतेक चार भिंतींच्या आत, फुटपाथवर नाही. बांधकामावर राबणारे त्यात पुष्कळ. पाठ दुखते, सुट्टी परवडत नाही आणि घरी कळलं तर लाज. अशा माणसाशी बोलणं फार साधं असतं: दाराला कडी लावू नकोस, आधी थोडंसंच घेऊन बघ, इनसाइटला जा. ते केंद्र २००३ पासून आहे, तिथे नर्सच्या देखत घेता येतं.

नालोक्सोन, म्हणजे ओपिऑइडने थांबलेला श्वास परत आणणारं औषध, टोचायला नक्की शिका, किट फुकट मिळतं. हल्ली मालात झोपेच्या गोळ्यांची जातही मिसळलेली असते. तिच्यावर नालोक्सोन चालत नाही, त्यामुळे माणूस श्वास घेऊ लागला तरी डोळे उघडत नाही. लोक घाबरून डोसावर डोस देतात. डोळे नाही, छाती बघायची. आणि रुग्णवाहिका येईपर्यंत जवळून हलायचं नाही, कारण नालोक्सोनचा असर नशेच्या आधी उतरू शकतो.

सोडायचं असेल त्याला मेथाडोन किंवा सबॉक्सोन ही ओढ आवरणारी औषधं मिळतात. सबॉक्सोन घाईने सुरू केलं तर विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, उसळतो आणि ‘हे औषध मला मारतंय’ म्हणून माणूस पळतो. हे आधी सांगून ठेवणं आपलं काम.

एमएच्या पुस्तकांत मला न सापडलेला भाग म्हणजे शोक. समोर बसलेल्याचे निम्मे मित्र गेलेले असतात. एकाने परवा फोन काढून नंबर दाखवले. हा गेला, ही गेली, हाही. एकही डिलीट केलेला नव्हता. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि पहिल्या नावापासून विचारायला लागले, हा कसा होता रे? पाऊण तास गेला, पाचव्या नावापर्यंतच पोचलो. पुढच्या मंगळवारी तो उरलेली सांगायला येणार आहे.