‘पैसे घेऊन पळाली’ म्हणणाऱ्यांना उत्तर कसं द्यायचं?

प्रश्न : अक्का, मी सोलापुरी बोलीत रील्स करते आणि यात्रा, गणपती, हळदीचे स्टेज कार्यक्रमही घेते. गेल्या महिन्यात अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात यात्रेचा कार्यक्रम होता. वेळ आठची होती, पण सत्कारच सव्वानऊपर्यंत चालले. दहाला पोलिसांनी साऊंड बंद करायला लावला. आम्ही उतरून गाडीत बसलो, तेवढाच व्हिडिओ कुणीतरी काढला आणि ‘पैसे घेऊन पळाली’ असं लिहून टाकला. तेव्हापासून शिव्या, घाण मेसेज, धमक्या. आई विड्या वळते, तिच्यावरूनही बोलतात. दोन मंडळांनी सुपारी परत मागितली. सगळे म्हणतात, आज रात्री लाइव्ह ये आणि एकेकाला उघडं पाड. येऊ का?
— एक कलाकार, कुंभारी

उत्तर : येऊ नकोस. आज नाही आणि उद्याही नाही. तुझ्यावर आलेला व्हिडिओ केवढा आहे? गाडीत बसतानाची काही सेकंदं. त्यात सत्कार नाहीत, पोलीस नाहीत, घड्याळ नाही. तू रागात तासभर बोललीस की कात्री घेऊन बसलेल्यांना अख्खा तागा मिळाला. त्यातून हवा तो तुकडा कापतील आणि उद्या तोच फिरेल.

पण गप्प बस असंही मी सांगणार नाही. ‘लोक चार दिवसांत विसरतात’ हा सल्ला घरात बसलेल्या माणसाला ठीक आहे. मी इतकी वर्षं कलाकारांच्या तारखा ठरवते. यात्रा कमिटीची माणसं एकमेकांना विचारूनच सुपारी देतात. ‘ती मागं अर्ध्यावर निघून गेली होती म्हणे’ एवढं एक वाक्य फिरलं तरी पुढचा हंगाम हातचा जातो. पैसे घेऊन कार्यक्रम केला नाही, हा तुझ्या कामावरचा आरोप आहे आणि त्याला उत्तर दिलंच पाहिजे. शिव्यांचं तसं नाही. तिथं उत्तर द्यायचं नसतं, तक्रार करायची असते. तुला सल्ला देणारे दोन्ही एकाच लाइव्हमध्ये उरकायला सांगतायत, तिथंच घोळ आहे.

आधी कागद. कमिटीच्या अध्यक्षांना फोन कर, मग घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन गावात जा. लेटरहेडवर फक्त वेळा आणि रक्कम मागून घे: कार्यक्रम किती वाजता ठरला होता, माईक किती वाजता हातात आला, साऊंड किती वाजता बंद झाला, किती पैसे दिले. सत्कार लांबले असं लिहून मागू नकोस. ज्यांचे सत्कार झाले त्याच पुढाऱ्यांसोबत अध्यक्षांना गावात राहायचंय, ते टाळाटाळ करतील आणि तुझं पत्र रखडेल. वेळा लिहून द्यायला कुणाची ना नसते, आणि ठरलेली वेळ व माईक मिळाल्याची वेळ शेजारी-शेजारी दिसली की वाचणाऱ्याला सगळं कळतं.

दहाचा नियम तू लोकांना सांगायला हवास, कारण प्रेक्षकाला वाटतं कलाकारच कंटाळला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. सूट नसलेल्या दिवशी दहाला साऊंड बंद होतो, मग स्टेजवर कुणीही असो.

आता निवेदन. मी लिहून देते, तू तपशील भर :

‘यात्रेतला माझा कार्यक्रम रात्री ८ वाजता ठरला होता. माझ्या हातात माईक ९.२० ला आला. १० वाजता नियमाप्रमाणे साऊंड बंद झाला आणि कार्यक्रम थांबला. यात्रा कमिटीचं पत्र सोबत जोडलं आहे. लांबून आलेल्या प्रेक्षकांना पूर्ण कार्यक्रम बघता आला नाही, याचं मला वाईट वाटतं. उरलेल्या कार्यक्रमाबद्दल कमिटीशी बोलणं चालू आहे. याविषयी माझं म्हणणं एवढंच आहे.’

उरलेल्या कार्यक्रमाचं वाक्य खरंच बोलणं झालं असेल तरच ठेव. बघ, यात व्हिडिओ टाकणाऱ्याचं नाव नाही. ते घातलंस तर तुझे चाहते त्याच्या घरापर्यंत पोचतील, त्याच्या बहिणीला तेच ऐकवतील जे आज तुझी आई ऐकतेय. मी माझ्या कुठल्याही कलाकाराला ते करू देत नाही. गावाचं नावही नाही, नाहीतर गाव विरुद्ध तू असा सामना लागतो. आणि आई नाही. विड्या वळून तिनं तुला वाढवलं, हे तुला छाती पुढं काढून सांगावंसं वाटत असेल, ते मला समजतं. ते एखाद्या चांगल्या दिवशी स्टेजवरून सांग, टाळ्या पडतील. हिशेबाच्या भांडणात आईला आणलंस की ज्यांना तिच्यावर बोलायचंय त्यांना दारच उघडून मिळतं.

हे निवेदन तुझ्या पानावर सगळ्यात वर पिन कर. खाली कुणी पुन्हा विचारलं तर ‘वर पत्र आहे, कृपया वाचा’ यापलीकडे अक्षर लिहू नकोस. दोन मंडळांना लिंक पाठवून भागणार नाही. पत्राची झेरॉक्स घेऊन स्वतः जा. समोर बसून कागद ठेवला की माणूस वेगळं बोलतो.

व्हिडिओ टाकणाऱ्याला आधी खासगी मेसेज कर, अहो-जाहो करून. पत्र पाठव, पोस्ट काढा किंवा दुरुस्त करा म्हण. दोन-तीन दिवस वाट बघ, मग वकिलाची नोटीस. एकदम जाहीर गर्जना केल्यानं काय होतं ते सांगते. बार्बरा स्ट्रायसँड ही अमेरिकेची फार मोठी गायिका. तिच्या समुद्राकाठच्या घराचा एक फोटो इंटरनेटवर होता. तो काढावा म्हणून तिनं २००३ मध्ये ५ कोटी डॉलरचा दावा लावला. तोवर तो फोटो फक्त ६ वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले २ तिच्याच वकिलांनी केलेले. दाव्याची बातमी झाल्यावर महिनाभरात ४ लाखांहून जास्त लोक तो बघायला आले.

आता शिव्या आणि धमक्या. हे मेसेज तू स्वतः वाचत बसू नकोस, फोन विश्वासातल्या मैत्रिणीकडे दे. तिला सांग, नुसत्या मेसेजचा स्क्रीनशॉट पुरत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग चालू करून आधी त्या माणसाचं प्रोफाइल उघडायचं, त्याची लिंक कॉपी करायची, मग मेसेजपर्यंत यायचं. तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. वर दिसणारं नाव आज ‘राजे’ असतं, उद्या ‘किंग’ होतं, लिंक मात्र तपासाला उपयोगी पडते. हे रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून फिरवू नका, तिथं फाइल दाबली जाते. पेन ड्राइव्हवर ठेवा. आणि ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू नकोस. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून देतील. जपून झालं की मग ब्लॉक कर. आधी ब्लॉक, मग पुरावा शोधायला धावायचं, असं करू नका.

पोलीस ठाण्यात गेलीस की ‘बदनामीचा गुन्हा आमच्याकडं नोंदवता येत नाही, कोर्टात जा’ असं सांगतील. बदनामीपुरतं ते बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ अदखलपात्र आहे, त्यासाठी दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तिथं हवालदाराशी वाद घालू नकोस. पण नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मेसेज करणं कलम ७८ मध्ये येतं. बाईची अब्रू काढण्यासाठी बोललेले, लिहिलेले शब्द कलम ७९ मध्ये येतात. अश्लील मजकुराला आयटी कायद्याचं कलम ६७ आहे. ही तिन्ही दखलपात्र आहेत, म्हणून अर्जात तेच मेसेज आधी लाव आणि ‘पळाली’चा व्हिडिओ शेवटी. कुणी आयटी कायद्याचं ‘६६ अ लावतो’ म्हणालं तर तो नाद सोड, ते कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलंय. कुंभारी शहरात की ग्रामीणमध्ये, यावरून हद्दीचा विषय निघेल. हद्द कुठलीही असली तरी खबर नोंदवून घ्यायला कायदा सांगतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ बघा म्हण. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नकोस.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात गातो. आमच्याकडे आधी गाणाऱ्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलंय की मी तिला रात्री-अपरात्री मेसेज करायचो, येताना गाडीत शेजारी बसायचा आग्रह करायचो. मी गमतीत बोलायचो, तीही हसायची. तिनं हसण्याच्या इमोजी टाकलेले चॅट माझ्याकडे आहेत. ते टाकले की लोकांना खरं कळेल. टाकू ना?
— गायक, जुळे सोलापूर

उत्तर : टाकू नका. तुमचं पत्र मी नीट वाचलं. मेसेज केलेच नाहीत, असं त्यात कुठंही नाही. कुठलं गाणं कुणाला द्यायचं यात ज्याचा शब्द चालतो, त्या जुन्या गायकासमोर नवी मुलगी हसते, कारण पुढच्या तारखेला तिला गाडीत जागा हवी असते. रात्री दोनला हायवेवरून एकटी उतरून ती जाणार कुठं? त्या हसण्याला तुम्ही होकार समजलात. सगळ्यांसमोर विचारलं असतंत तरी मी हेच सांगितलं असतं.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ऑफिसातल्या बायकांपुरता नाही. कामाच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागा, मालकानं दिलेली गाडीसुद्धा, त्यात कामाची जागा धरली आहे. तारखेपुरती आलेली कलाकारही त्यात येते. १० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमायची असते. त्याहून लहान पार्टी असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. हे मी त्या मुलीसाठीही लिहितेय, तिच्या हातात हा अंक पडावा.

अशी तक्रार झाली असेल तर तिचं नाव, तक्रारीतला मजकूर जाहीर करायला कायद्यानं मनाई आहे. तुमचं जे म्हणणं असेल, चॅटसकट, ते समितीपुढं ठेवा. लोकांना न्याय करायला बसवू नका. आणि तिनं लिहिलंय ते खरं असेल तर काय केलं ते स्पष्ट लिहून माफी मागा. ‘कुणाचं मन दुखावलं असेल तर’ असली माफी नको. माफी मागायच्या निमित्तानं तिला पुन्हा मेसेज करू नका. ती ज्या कार्यक्रमात गाणार असेल ती तारीख तुम्ही सोडा.

प्रश्न : आम्ही तिकीट काढून हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम बघतो. आवडला नाही असं लिहिलं की कलाकार बदनामीच्या केसची धमकी देतात. प्रेक्षकानं बोलायचंच नाही का?
— एक रसिक, साखर पेठ

उत्तर : बोला की! बदनामीच्या कायद्यालाच १८६० पासून अपवाद जोडलेले आहेत, आणि त्यातला सहावा तुमच्यासाठीच आहे. जो नट किंवा गायक लोकांपुढं येतो तो आपली कला लोकांच्या पारखीला ठेवतो, त्या कलेबद्दल प्रामाणिकपणे व्यक्त केलेलं मत बदनामी ठरत नाही. नव्या संहितेतही तो तसाच आहे. आवाज चढत नाही, विनोद शिळे आहेत, तालीम झालेली दिसत नाही, सगळं लिहा. ‘पैसे खाल्ले’, ‘पिऊन आला’ हे मात्र गाण्याबद्दलचं मत नव्हे, त्याला पुरावा लागतो. कलाकारांनाही सांगते, वाईट अभिप्राय घेऊन पोलिसांत जाऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी लावणी करते. कुणीतरी तिचा चेहरा लावून घाणेरडा फोटो तयार केला आणि तो ग्रुपवर फिरतोय, इन्स्टाग्रामवरही आलाय. तिचे वडील म्हणतात नाच बंद. तिनं समोर येऊन खुलासा करावा का?
— एक आई, मोडनिंब

उत्तर : खुलासा कसला, ताई? तिनं काही केलेलंच नाही. ‘तो फोटो माझा नाही’ असं तिला जगापुढं उभं राहून सांगायला लावू नका, ज्यांनी बघितला नाही तेही शोधायला जातील.

पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो कुणाला पुढं पाठवू नका, नातेवाइकांना तर नाहीच. ग्रुपचं नाव, टाकणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ एवढं टिपून ठेवा. इन्स्टाग्रामवर आजच रिपोर्ट करा. ती स्वतः करू शकते, तिच्या वतीनं तुम्हीही करू शकता. २०२१ च्या आयटी नियमांनी असे नग्न किंवा चेहरा जोडलेले फोटो तक्रार आल्यापासून २४ तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं होतं, फेब्रुवारी २०२६ पासून ती मुदत २ तासांवर आणली आहे. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सोयही आहे, वय १८ पूर्ण असेल तर वापरता येते. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याची फक्त एक सांकेतिक खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो ओळखून अडवतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे. तिथं नाव न देताही तक्रार होते, पण तपास पुढं जावा असं वाटत असेल तर नाव द्या. १९३० हा नंबर पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, त्यात वेळ घालवू नका.

तिच्या वडिलांना माझा निरोप द्या. फोटो करणारा मोकळा आणि घुंगरू मुलीचे काढून ठेवायचे, असं होता कामा नये. तालमीला गेलेली वर्षं तिची आहेत, तारखा तिच्या आहेत. अर्ज मुलीच्या नावानं लिहा, आणि पोलीस ठाण्यात तिच्यासोबत त्यांना पाठवा.