वाचकांचे प्रश्न : चालक-साहाय्य प्रणाली कोठे चालू ठेवावी?

प्रश्न : आमच्या नव्या मोटारीत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारी, पट्ट्यांच्या आत गाडी ठेवणारी आणि प्रसंगी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे. धुळे-जळगाव चौपदरी महामार्गावर ती चांगली चालते; मात्र चोपडा-यावल रस्त्यावर केळीच्या ट्रॉलीला ओलांडताना स्टिअरिंग उलट ओढले जाते. म्हणून मी सर्वच बंद करून टाकतो. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : सर्वच बंद करणे योग्य नाही, कारण आपण उल्लेखिलेली तिन्ही कामे स्वतंत्र आहेत आणि बहुतेक मोटारींत ती वेगवेगळी बंद करता येतात. स्टिअरिंग ओढले जाण्याचे कारण बहुधा साधे असते : इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला, की गाडी नकळत भरकटत आहे असे प्रणाली समजते. ओलांडण्यापूर्वी इंडिकेटर दिल्यास हा विरोध सहसा होत नाही. (तो द्यायलाच हवा, हे वेगळे सांगायला नको, पण आपल्याकडे सांगावे लागते.) तथापि, ज्या दुपदरी रस्त्यावर पट्टे पुसट आहेत, साइडपट्टी खचलेली आहे आणि बैलगाडी, सायकल वा उलट दिशेने येणारी दुचाकी चुकवण्यासाठी वारंवार बाजूला व्हावे लागते, तेथे पट्टा राखणारी सोय बंद ठेवलेलीच बरी. आपोआप ब्रेक लावणारी सोय मात्र सर्वत्र चालू असू द्यावी.

अंतर राखणाऱ्या क्रूझबद्दल (ठरवलेला वेग आपोआप राखणाऱ्या सोयीबद्दल) अधिक सावध राहावे लागते. पूल, कमानी आणि पाट्या यांवरून परतणाऱ्या लहरींमुळे गाडीने विनाकारण ब्रेक लावू नयेत, म्हणून अनेक प्रणालींतील रडार स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देते. परिणामी रात्री रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभी असलेली उसाची ट्रॉली तिला वेळेत ओळखता येईलच असे नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, त्यामुळे प्रणालीच्या इशाऱ्याची वाट पाहत दोन सेकंद घालवले, तर ४४ मीटर रस्ता संपलेला असतो.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना क्रूझ बंदच करावी. तीव्र वळणावर पुढचा ट्रक रडारच्या टप्प्याबाहेर गेला, की रस्ता मोकळा झाला असे समजून गाडी ठरवलेल्या वेगाकडे झेपावते आणि वळण संपताच तोच ट्रक समोर उभा राहतो. उतरताना वेग आवरण्यासाठी क्रूझवर विसंबल्यास ब्रेकवर ताण येऊ शकतो. खालचा गिअर टाकणे ही जुनीच रीत तेथे उपयोगी पडते.

संध्याकाळी जळगावहून धुळ्याकडे निघाल्यास मावळता सूर्य थेट समोर येतो आणि पट्टे टिपणाऱ्या, पुढच्या काचेमागील कॅमेऱ्याला ते नीट दिसत नाहीत. मुसळधार पावसातही तसेच घडते. उन्हाळ्यात तासन्‌तास उन्हात उभी राहिलेली गाडी काही मॉडेलांत कॅमेरा तापल्यामुळे सोय तात्पुरती बंद झाल्याचा संदेश देते. गाडीतील हवा थंड झाल्यावर ती बहुधा पूर्ववत होते.

एक गोष्ट स्पष्ट असावी. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा मोटारी बहुतांशी दुसऱ्या पातळीच्या आहेत, म्हणजे वेग आणि दिशा गाडी काही काळ सांभाळत असली, तरी रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच असते.

प्रश्न : डंपरमागून उडालेल्या खडीने पुढची काच फुटली. काच बदलल्यापासून पट्ट्यांविषयीचे इशारे चुकीच्या वेळी येतात. काय करावे?
— एक वाचक, साक्री

उत्तर : कॅमेरा काचेच्या आतील बाजूस बसवलेला असल्यामुळे काच बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन (म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणे) करून घ्यावे लागते, आणि ते बहुधा झालेले नाही. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून ते करून घ्या व तोपर्यंत पट्टा राखणारी सोय बंद ठेवा. गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवला असल्यास तोही काढा : केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा ठरवले आहेत, शिवाय ते रडारच्या आड येतात.