पेन ड्राइव्हवरचे लिनक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) वापरून बघायचे म्हणून त्याची आयएसओ फाइल (सगळी प्रणाली एकत्र बांधलेली एकच फाइल) उतरवून ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर कॉपी केली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तरी विंडोजच उघडते. पेन ड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर : पेन ड्राइव्ह ठीक आहे. लॅपटॉप सुरू होताना त्यातले यूईएफआय (विंडोजच्याही आधी चालणारे, प्रणाली सुरू करून देणारे सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर 'ईएफआय' नावाचे फोल्डर, त्याच्या आत 'बूट' आणि त्यात 'बूटएक्स६४' ही फाइल शोधते. तुमच्याकडे ती आहे, पण आयएसओच्या पोटात, आणि आयएसओ उघडून आत बघणे यूईएफआयला जमत नाही. म्हणून कॉपी करून भागत नाही, आयएसओ पेन ड्राइव्हवर 'लिहावी' लागते.

विंडोजवर त्यासाठी रूफस हे सॉफ्टवेअर वापरा. आधी पेन ड्राइव्हवरचा मजकूर दुसरीकडे काढून ठेवा, सगळे पुसले जाते. बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तीही काढा, म्हणजे भलतीच डिस्क निवडली जाणार नाही. रूफसमध्ये आयएसओ निवडली की शेजारच्या बरोबरच्या खुणेच्या बटणाने तिचा एसएचए२५६ (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा अंक-अक्षरांचा लांब आकडा) काढता येतो. तो मिंटच्या संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग अर्धवट उतरलेल्या फाइलपायी तासन्‌तास पेन ड्राइव्हला दोष देत बसतात. एक अक्षर जरी वेगळे निघाले तरी फाइल पुन्हा उतरवा.

गेल्या काही वर्षांतला लॅपटॉप असेल तर पार्टिशन स्कीम (डिस्कचे विभाग पाडायची पद्धत) 'जीपीटी' आणि टार्गेट सिस्टिम 'यूईएफआय' ठेवा. 'स्टार्ट' दाबल्यावर आयएसओ मोड (आतल्या फाइल्स काढून लिहिणे) की डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी डिस्कवर उमटवणे), असे विचारले जाईल. आधी आयएसओ मोड घ्या. त्याने लिनक्स सुरू झाले नाही तरच डीडी.

लिहून झाल्यावर पेन ड्राइव्ह तसाच लावून ठेवा, विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट' करा. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' येते, तिथे पेन ड्राइव्ह निवडा. त्यामुळे कशावरून सुरू व्हायचे ते निवडायची आपल्या लॅपटॉपची की एफ१२, एफ९, एस्केप यांतली कोणती, हे शोधत बसावे लागत नाही.

सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी यूईएफआयची सेटिंग) उगाच बंद करू नका. मिंट, उबुंटू, फेडोरा हे लिनक्सचे प्रकार ते चालू असतानाही सुरू होतात. शिवाय बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) लावलेले असेल, तर ही सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती हाताशी नसेल तर स्वतःच्याच फाइल्सना मुकायची वेळ येते. सेटिंगला हात लावायचाच असेल, तर आधी ती की कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : पेन ड्राइव्हवरून उबुंटू छान चालले. वाय-फायचा पासवर्ड टाकला, दोन फाइल्सही साठवल्या. दुसऱ्या दिवशी सगळे गायब!

उत्तर : लाइव्ह सत्रातले, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालवतानाचे, बदल रॅममध्ये राहतात, संगणक बंद झाला की जातात. ते टिकवायचे असतील तर रूफसमध्ये 'पर्सिस्टंट पार्टिशन'ची पट्टी सरकवून जागा राखून ठेवा. त्यासाठी पेन ड्राइव्ह १६ जीबीचा घ्या आणि निदान ४ जीबी जागा द्या. ही सोय डीडी मोडमध्ये मिळत नाही. आणि डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल'च्या चिन्हाकडे सध्या वळू नका. नुसते वापरून बघायला त्याची गरज नाही.

प्रश्न : आता विंडोजमध्ये ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह जेमतेम काही एमबीचा दिसतो.

उत्तर : तो डीडी मोडमध्ये लिहिलेला आहे. लिनक्सचे विभाग विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून फक्त छोटा बूट विभाग दिसतो. रूफसमध्ये बूट सिलेक्शन 'नॉन बूटेबल' करून 'स्टार्ट' दाबा, पूर्ण ३२ जीबी परत मिळतील.