वाचकांचे प्रश्न : साक्ष द्यायची आहे, पण तोंड उघडत नाही

प्रश्न : ख्रिस्ती विश्वासात येऊन बरीच वर्षं झाली. उपासनेत उभी राहून साक्ष देते, म्हणजे येशूने माझ्या आयुष्यात काय केलं ते सांगते. पण बाहेर कुणी 'तुम्ही येशूला का मानता?' असं विचारलं की घसा कोरडा पडतो, काहीतरी गुळमुळीत बोलते आणि विषय बदलते. धैर्य यावं म्हणून काय करू?

घसा कोरडा पडतो म्हणजे विश्वास कमी आहे असं नाही. करिंथला आलो तेव्हा भीतीने कापत होतो, असं प्रेषित पौलानेच बायबलमध्ये लिहून ठेवलंय (1 करिंथ 2:3). पुढे बेड्यांत असताना त्याने इफिसच्या मंडळीला प्रार्थना करायला सांगितली, ती सुटकेसाठी नव्हे, धैर्याने बोलता यावं म्हणून (इफिस 6:19-20). तुम्हीही तेवढंच मागा. मात्र आमच्या मते तुमची निम्मी अडचण भीतीची नसून तयारीची आहे. उपासनेत ऐकणारे आपलेच असतात, त्यांना अर्धवट वाक्यही कळतं. बाहेर ती सोय नाही.

तेव्हा तीन मिनिटांची साक्ष कागदावर उतरवा. नमुना हवा तर बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 26 पाहा. अग्रिप्पा राजापुढे पौल आधी आपलं पूर्वीचं आयुष्य सांगतो, मग दिमिष्काच्या वाटेवर येशू कसा भेटला ते, आणि शेवटी त्यानंतर काय केलं ते. तुमचेही हेच तीन भाग. सगळे मिळून साधारण तीनशे शब्द. पहिल्याला पाऊण मिनिट, मधल्याला दीड, शेवटच्याला पाऊण. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने बोला, मनातल्या मनात नको.

पहिला भाग हमखास फुगतो. जुनी पापं रंगवून सांगण्यात दोन मिनिटं जातात आणि येशू घाईघाईत उरकला जातो. दुसरी खोट भाषेची. 'प्रभूने माझं ओझं उतरवून मला नवी सृष्टी केलं' हे मंडळीत चालतं. बाहेरच्याला त्यातलं काहीही कळत नाही. त्याऐवजी असं सांगा : 'भावाशी पाच वर्षं बोलत नव्हतो. चूक माझी होती, तरी माफी मागायची लाज वाटायची. देवाने मला येशूमुळे क्षमा केली हे पटलं, तेव्हा मीच त्याला फोन केला.' अर्थात तुमची गोष्ट तुमची असावी, दुसऱ्याची उसनी नको. आणि 'आता मला कसलीच चिंता नाही' हे वाक्य आधी खोडा. ऐकणारा तुम्हाला रोज पाहत असतो.

खरी भीड वाटते ती मधल्या भागात. 'देवाने सांभाळलं' एवढ्यावर थांबलात, तर समोरचा 'देव सगळ्यांनाच सांभाळतो' म्हणून मान डोलावतो आणि बोलणं तिथेच संपतं. येशू आपल्या पापांसाठी मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला (1 करिंथ 15:3-4), हे एक साधं वाक्य साक्षीत असलंच पाहिजे. तेच गाळण्याचा मोह होतो. म्हणून तेच पाठ करा.

प्रश्न : कामाच्या ठिकाणी विषय काढावा का? मी आठ जणांचा वरिष्ठ आहे.

हाताखालच्या माणसाकडे तुम्ही विषय काढू नका. त्याला 'नको' म्हणता येत नाही, आणि न म्हणता आलेल्या नकाराला आवड समजण्याची चूक वरिष्ठांकडून सहज होते. त्याने विचारलं, तर कामाची वेळ संपल्यावर थोडक्यात सांगा.

बरोबरीच्या सहकाऱ्यांशी मात्र संकोच कशाला? सुट्टी कशी गेली असं विचारल्यावर 'असाच घरी होतो' म्हणण्याऐवजी 'सकाळी उपासनेला गेलो होतो' म्हणा. खरं तेवढंच सांगायचं. कुणी अडचण सांगितली, तर 'तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' असं विचारा. हो म्हणाले तर तिथेच, अर्ध्या मिनिटात, त्यांचं नाव आणि त्यांची अडचण घेऊन. प्रार्थनेच्या आडून उपदेश करू नका. तो लगेच ओळखू येतो. आठवड्याने 'काय झालं त्याचं?' असं विचारायला विसरू नका. पुष्कळ जण इथेच कमी पडतात.

प्रश्न : मी रोज सकाळी ग्रुपवर बायबलचं वचन टाकते. ही साक्ष होते का?

नातेवाइकांच्या आणि कामाच्या ग्रुपवर थांबवा. न उघडता पुढे सरकवायची सवय लोकांना लागते, मग तुमचा महत्त्वाचा निरोपही तसाच सरकतो. एकाच व्यक्तीला, तिच्या प्रसंगाला धरून दोन ओळी स्वतः लिहा.

प्रश्न : घरचे ऐकूनच घेत नाहीत. वडील म्हणतात, 'हा विषय पुन्हा काढू नकोस.'

मग काढू नका. येशूचा शिष्य पेत्र याने विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांविषयी बायकांना हेच सांगितलं : शब्दावाचून, वागण्याने (1 पेत्र 3:1-2). येशूच्या भावांचाही आधी त्याच्यावर विश्वास नव्हता (योहान 7:5). त्यांतल्या याकोबाला येशू दिसला, तो पुनरुत्थानानंतर. वडिलांनी आपणहून विचारलं, तर विचारलं तेवढंच उत्तर द्या. तीन वाक्यांत थांबलात, तर चौथं ते स्वतः विचारण्याची शक्यता असते.

प्रश्न : मैत्रिणीने कुतूहलाने बायबल मागितलं. दिलं, पण ती काही दिवसांतच कंटाळली.

तिने बहुधा पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि लेवीय या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकली. संपूर्ण बायबलाऐवजी मार्कचं शुभवर्तमान द्या. येशूच्या जीवनाविषयीच्या चार शुभवर्तमानांतलं सर्वांत लहान, अवघे सोळा अध्याय. एका बैठकीत दोन अध्याय सोबत वाचलेत, तर आठ बैठकींत होतं. प्रत्येक वेळी तीनच प्रश्न : येशू इथे काय करतो? लोक त्याच्याविषयी काय म्हणतात? तुला काय खटकलं? तिसऱ्याला सर्वांत जास्त वेळ द्या आणि उत्तर येत नसेल तर 'बघून सांगते' म्हणा. पाचव्या अध्यायातल्या समुद्रात बुडालेल्या डुकरांवर ती नक्की अडेल. त्या बैठकीआधी तो भाग दोनदा वाचून जा.