अॅडलेड ते डार्विन गाडीला एवढा उशीर का झाला?

प्रश्न : आमची मुलगी ऑस्ट्रेलियात अॅडलेडला असते. ती म्हणते तिथून पार वरती डार्विनपर्यंत 'घान' नावाची ट्रेन जाते, पण ती डार्विनला पोचली थेट 2004 मध्ये! आपल्याकडे 1853 ला गाडी धावली, मग त्यांना इतकी वर्षं का लागली? आणि झेलमने जम्मूला जातो तसं साधं तिकीट काढून आम्हाला जाता येईल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, मधे माणसंच नाहीत हो. डार्विन ज्या प्रदेशात आहे ती नॉर्दर्न टेरिटरी महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठी आणि 2004 ला गाडी पोचली तेव्हाही लोकसंख्या जेमतेम दोन लाख, मग तिकिटाच्या पैशावर एवढी लाइन कोण टाकणार? खरंतर 1911 ला केंद्र सरकारने तो प्रदेश साउथ ऑस्ट्रेलियाकडून घेतला तेव्हाच रेल्वे बांधून देऊ असा शब्द दिला होता, पण 1929 ला गाडी मधल्या अॅलिस स्प्रिंग्सला पोचली आणि तिथेच थांबली.

ती जुनी लाइनही कशी, तर नॅरो गेज, रुळांखालचे लाकडी स्लीपर वाळवी खाऊन टाकायची, आणि एरवी कोरडी ठणठणीत असणारी फिंक नदी पाऊस झाला की रूळच घेऊन जायची. एकदा गाडी अशी अडकली की ड्रायव्हरने रानबकऱ्या मारून पॅसेंजरना खाऊ घातलं अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. त्यात पुढे दक्षिणेकडचा भाग मोठ्या गेजचा झाला, मग मारी नावाच्या गावात सामानसुमान घेऊन गाडी बदला! मिरजेकडे जायला पुण्यात मीटर गेजची गाडी पकडलेल्या जुन्या मंडळींना हा वैताग बरोबर कळेल. शेवटी 1980 ला पश्चिमेला सरकून, पुराच्या वाटेतून बाहेर, नवी लाइन टाकली, स्टँडर्ड गेज आणि काँक्रीटचे स्लीपर.

अॅलिस स्प्रिंग्स ते डार्विन हा 1420 किलोमीटरचा तुकडा मात्र 2001 ला सुरू होऊन 2003 ला संपलासुद्धा. तो झाला मालगाड्यांच्या जोरावर, डार्विनचं बंदर आशियाला जवळ म्हणून. आधी मालगाडी गेली, मग 1 फेब्रुवारी 2004 ला किलोमीटरभर लांबीची पॅसेंजर गाडी अॅडलेडहून निघाली आणि 3 तारखेला डार्विनला पोचली, एकूण 2979 किलोमीटर, नव्वदहून जास्त वर्षं लोकांनी वाट बघितलेली.

आता तिकिटाचं. साध्या सीटचा डबा पूर्वी होता, तो सरकारी मदत थांबल्यावर 2016 ला बंद झाला. मला हे फार वाईट वाटतं, कारण ज्या शब्दासाठी तिथले लोक पिढ्यान्पिढ्या भांडले तो काय फक्त टुरिस्ट लोकांसाठी दिलेला नव्हता, विद्यार्थी, पेन्शनर, दवाखान्यात जाणारे यांना सीट हवीच होती. आता फक्त केबिन, जेवण आणि थांब्यांवरच्या सहली तिकिटातच धरलेल्या, त्यामुळे झेलमच्या स्लीपरचा हिशोब डोक्यातून काढून टाका, विमान कितीतरी स्वस्त पडेल.

तरी जायचंच असेल तर जून-जुलै बघा, डार्विनला तेव्हा पाऊस नसतो. अॅडलेडहून वर जाताना दोन रात्री लागतात, डार्विनहून खाली येणारी गाडी बहुतेकदा तीन रात्रींची असते, खर्चही त्याप्रमाणे वाढतो, म्हणून मुलीला वर जायचंच बुकिंग करायला सांगा आणि परत विमानाने या.